आडातलं लाल औषध

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या गावच्या आडात लाल औषध टाकायचे. दोन दिवस पाणी कोकमाच्या सरबतासारखं दिसायचं आणि आजी आम्हाला पोहऱ्याला हात लावू द्यायची नाही. औषधाचं नाव पोटॅशियम परमँगनेट, हे शाळेत कळलं. त्याचा फोटोशी काही संबंध आहे, हे कळायला मात्र तिशी उलटावी लागली.

झालं असं, की चहापत्तीच्या डब्याला सुईएवढं भोक पाडून मी पिनहोल कॅमेरा केला. आत फिल्मऐवजी फोटो छापायचा कागद. कागद भलता मंद, भर उन्हातही मिनिटभर मागतो. एवढं करून हाती येते ती निगेटिव्ह: आकाश काळं आणि माणसं पांढरी भुतं. ती दुसऱ्या कागदावर छापून घ्यावी, हा शहाण्यांचा रस्ता. पण तिथल्या तिथे, त्याच कागदावर ती सुलटी करता येते असं समजलं आणि मी न्हाणीघराचा ताबा घेतला.

लाल दिव्यात कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की उजेड पडला तिथे काळी चांदी उमटते. यानंतर एरवी उजेड न लागलेले चांदीचे क्षार धुऊन काढणारा फिक्सर येतो. इथे त्याला दाराबाहेर ठेवायचं. त्याऐवजी लाल औषध आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड घातलेलं पाणी. (पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. प्रयोगशाळेतली ही एकच शिकवण मला पुढे उपयोगी पडली.) हे पाणी काळी चांदी खाऊन टाकतं. नुकतं आलेलं चित्र डोळ्यांदेखत पुसलं जातं आणि पोटात गोळा येतो. दरवेळी येतो. मागे राहतो चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. तो घालवायला मी घरातलं, सरबत टिकावं म्हणून घालतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) वापरलं. त्याच्या वासाने ठसका लागतो, पण डाग जातो.

आता कागद कोरा दिसतो. तसा तो नसतो. पहिल्या पंगतीला ज्यांना बोलावणंच आलं नाही, ते चांदीचे क्षार अजून आत बसलेले असतात. साधा दिवा लावायचा, त्यांना उजेड दाखवायचा आणि कागद पुन्हा डेव्हलपरमध्ये. ही दुसरी पंगत. पहिल्यांदा ज्या सावल्या रिकाम्या राहिल्या होत्या, त्या आता भरत जातात, आणि दार सताड उघडं असल्यामुळे घरातले सगळे वाकून बघू शकतात.

हे चारदा फसलं. एकदा औषध कडक झालं आणि कागदावरचा जिलेटिनचा थर दुधावरच्या सायीसारखा सरकला. फरशीवरच्या डागांबद्दल बायको अजून बोलते.

कागदावरच थेट पॉझिटिव्ह, ही हौस जुनी आहे. पॅरिसच्या इपोलित बायारने वेगळ्या रीतीने ते 1839 मध्येच साधलं होतं. मानमरातब त्याच सुमारास फोटोची दुसरी रीत काढणाऱ्या दागेरला मिळाला, म्हणून 1840 मध्ये या गृहस्थाने बुडून मेल्याचं सोंग घेऊन स्वतःचाच फोटो काढला. चेहरा आणि हात काळपट आले, तर प्रेत कुजायला लागलंय असं मागे लिहून टाकलं. रुसावं तर असं!

पाचव्या खेपेला आजीला ओट्यावर बसवलं. "आजी, हलू नकोस." "या वयात कुठे जातेय मी?" एवढं बोलण्यातच तोंड हललं, ते फोटोत किंचित धुरकट आलंय. कुंकू काळं आलं, कारण या कागदाला लाल दिसतच नाही. म्हणून तर लाल दिव्यात काम चालतं. आणि मधे निगेटिव्ह उलटवून छापण्याची पायरी नसल्याने डावं-उजवंही बदललं.

"अगंबाई, पदर उजव्या खांद्यावर! आजी गुजराती झाल्या की काय!" बायको म्हणाली.

आजीने कागद जवळ धरला, लांब धरला.

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "फणेरपेटीच्या आरशात मी अशीच दिसते. तुमचेच फोटो आजवर उलटे यायचे."