आमच्या शाळेचं स्टेज आणि वरची सहा एमएम

शाळेच्या कार्यक्रमात घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोड्यांचा गोव्यातला लोकनाच, रंगात आली होती. कमरेला लाकडी घोडा बांधलेला सातवीतला एक मुलगा उडी मारून खाली आला आणि त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत फळीत गेला. पालकांना वाटलं, घोडा गुडघे टेकतोय. टाळ्या पडल्या, ढोलही थांबला नाही. विंगेत उभ्या असलेल्या मला मात्र फळीचा 'कट्ट' ऐकू आला होता. खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी ती फळी उचलून पाहिली, तर वरून रंग शाबूत आणि खालून चहात बुडवलेलं बिस्कीट.

शाळा फोंडा तालुक्यात. स्टेज म्हणजे चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा) चौथरा, आत मातीची भर, वर सिमेंटचा कोबा आणि त्यावर थेट ठोकलेल्या फळ्या. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिरा ते पाणी पितो आणि ओल वर चढत राहते. वाळवी नंतर आली, आधी ओल होती.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दोन गट पडले. एक म्हणे टाइल्स घाला, कटकटच नको. दुसऱ्याला पॉलिश केलेलं सागवान हवं होतं. टाइलवर तासभर फुगडी घालून बघा, मग नडग्या काय म्हणतात ते कळेल. आणि पॉलिशवर दिवा पडला की प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो, शिवाय मोजे घातलेली मुलं घसरतात. हे पटवण्यात दोन बैठका गेल्या.

काम ठरलं मे महिन्याच्या सुट्टीत. आधी कोब्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी खाली दवबिंदू. म्हणजे जे काही घालायचं ते कोब्याला चिकटून चालणार नव्हतं. वाळवीचं औषध मारून घेतलं, कोब्यावर जाड प्लास्टिक अंथरलं. त्यावर रबराचे तुकडे आणि रबरावर दर फुटाला एक बॅटन, म्हणजे आधाराची लाकडी पट्टी. मुलांनी उडी मारली की स्टेज किंचित लवतं ते त्या रबरामुळे. "टीचर, लाकडाक वारो जाय," म्हणजे लाकडाला वारा हवा, असं म्हणत मेस्ताने (आमच्या सुताराने) दर्शनी बाजूला भोकं ठेवली आणि उंदीर जाऊ नयेत म्हणून त्यांना जाळी मारली.

प्लायची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पहिल्या दुकानदाराने 'मरीन', म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, म्हणून दाखवलेल्या शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का काही सापडेना. खऱ्या मरीन प्लायची परीक्षा ७२ तास उकळून होते. तेवढा गॅस कोण जाळणार? तरी नमुन्याचा तुकडा घरच्या जुन्या टोपात टाकला. दोन तासांत त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. घरभर डिंकाचा वास, त्यावर सासूबाईंची टिप्पणी वेगळी. दुसऱ्या दुकानातून शिक्क्याचा माल घेतला आणि आठवडाभर हॉलमध्येच ठेवला, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं.

स्टेज २४ बाय १६ फूट, शीट ८ बाय ४. म्हणजे एका थराला १२ शीट. १२ एमएमचे दोन थर, वरचा खालच्याला आडवा. जोडावर जोड येऊ नये म्हणून मेस्ताने अर्ध्या शीटपासून सुरुवात केली. दोन शीटमध्ये तीन एमएमची फट आणि भिंतीकडे बोटभर जागा सोडली. ती फट बघून आमचे एक शिक्षक रोज सुतारकामाला नावं ठेवत होते. जुलैत प्लाय फुगला, फटी मिटत आल्या, सरही गप्प झाले.

माझा खरा हट्ट होता तिसऱ्या थराचा. सहा एमएमची शीट, फक्त स्क्रूने बसवलेली, डिंक अजिबात नाही. हा थर खराब होण्यासाठीच आहे. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांची सवय, खिळा ठोकला की सेट उभा. ठोका बापडे, पण या थरापुरतं. पुष्कळ ठिकाणी इथे हार्डबोर्ड घालतात. आमच्या दमट हवेत त्याच्या कडा फुगतील या भीतीने मी प्लायच घेतला. रंग काळा, चमक नसलेला.

आता निगा. पाणी ओतून स्टेज धुण्याची जुनी सवय मोडायला एक वर्ष लागलं, फिनाइलची बादली मी एकदा लपवूनही ठेवली. कोरडा मॉप, फार तर घट्ट पिळलेलं फडकं. तपकिरी टेप बंद. तिचा गोंद रंग घेऊनच निघतो. कापडी टेप चालते, पण ती त्याच रात्री काढायची. चतुर्थीच्या सुट्टीआधी आणि दिवाळीनंतर मी स्वतः अनवाणी चालून वर आलेले स्क्रू शोधते. पायाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. पावसाळ्यात ऊन पडलं की हॉलच्या खिडक्या उघड्या, नाहीतर बुरशी ठरलेली. रंगाचा हात दिवाळीच्या सुट्टीत, पावसात कधीच नाही.

दिवली नाच हा मात्र उपाय नसलेला प्रकार. डोक्यावरच्या समईतून तेल सांडणारच. मुली गेल्या की लगेच लाकडाचा भुसा टाकायचा, तेल पिऊ द्यायचा आणि झाडायचा. गेल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही, मधल्या दोन शीटवर रंग बसेना. मेस्ताने स्क्रू काढले, नव्या शीट बसवल्या आणि दुपारच्या जेवणाला तो घरी गेला. काढलेल्या दोन शीट आठवीच्या मुलांनी पळवल्या. यंदाच्या नाटकात त्यांचं पोस्ट ऑफिस झालंय.