एकच दरवाजा दोनदा वाजतो तेव्हा

वाचनालयाच्या बालविभागात काम करताना मी एक आग्रह धरला आहे. मुलांना एखादी साहसमालिका वाचून दाखवायची, तर पहिल्या भागावर थांबू नये. पहिल्या भागाचा बराचसा वेळ ओळखी करून देण्यात जातो. ते जग, ती माणसे आणि तिथल्या जादूचे नियम वाचकाच्या अंगवळणी पडले, की मगच लेखकाला खरा डाव मांडता येतो. हा आग्रह किती रास्त होता, हे मला पावसाळ्यातल्या एका शनिवारी मुलांनीच दाखवून दिले.

आम्ही जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील तिसऱ्या भागाचा, म्हणजे १९९९ साली इंग्रजीत आलेल्या ‘अझकाबानचा कैदी’चा मराठी अनुवाद वाचत होतो आणि एकविसाव्या प्रकरणापर्यंत आलो होतो. हॅरीची मैत्रीण हर्मायनी गळ्यातले वाळूचे चिमुकले जादूई घड्याळ तीन वेळा फिरवते, ती आणि हॅरी तीन तास मागे जातात आणि कोणी पाहू नये म्हणून दालनातून धावत जाऊन झाडू ठेवायच्या कपाटात शिरून दार लावून घेतात. एवढे वाचून होते न होते तोच, एरवी सतत चुळबुळ करणारा सातवीतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. “ताई, थांबा! हा दरवाजा आपण आधी ऐकलाय. मागं जा!”

सोळावे प्रकरण उघडले. त्यांच्या शाळेचा रखवालदार हॅग्रिड याच्या झोपडीकडे निघण्यापूर्वी हॅरी, हर्मायनी आणि रॉन हे तिघे मित्र एका रिकाम्या खोलीत लपून दालन मोकळे होण्याची वाट पाहत असतात आणि शेवटची दोन माणसे लगबगीने गेल्याचा व दार आपटल्याचा आवाज त्यांना येतो. जेमतेम एका ओळीचा हा मजकूर मी कसलाही जोर न देता वाचून गेले होते आणि कोणाचे तिकडे लक्षही गेले नव्हते. ती दोन माणसे म्हणजे हॅरी आणि हर्मायनीच होती, हे उमगताच मुलांनी असा गलका केला की शेजारच्या वर्तमानपत्र विभागातून एक आजोबा डोकावून गेले.

मग मुले स्वतःच दुवे शोधू लागली. पहिल्या वेळी कुऱ्हाडीचा घाव ऐकून आम्ही सर्वांनी हॅग्रिडचा, मृत्युदंड झालेला पंखवाला प्राणी बकबीक मेला असे धरून हळहळ केली होती. दुसऱ्या वेळी कळते की तो आधीच निसटला होता आणि चिडलेल्या जल्लादाने ती कुऱ्हाड कुंपणावर हाणली होती. हर्मायनीच्या वेळापत्रकात एकाच तासाला अनेक विषय कसे काय, हे रॉनला पडलेले कोडेही सुटले. शब्द तेच, आवाज तेच, पण अर्थ पार बदललेला.

वेगवान पुस्तक म्हणजे एकामागून एक लढाया, असे पालक बऱ्याचदा मला सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. या भागात हॅरीचा मुख्य शत्रू प्रत्यक्ष येतच नाही, आणि तरीही गोष्ट कुठे सैल पडत नाही, कारण आपण त्याच तीन तासांतून पुन्हा धावतो आणि काय घडणार हे ठाऊक असूनही छातीची धडधड वाढतच जाते. पुढचा, चौथा भाग मूळ इंग्रजी आवृत्तीत ६३६ पानांचा, म्हणजे या ३१७ पानांच्या दुप्पट आहे. मला तोही आवडतो, पण इतकी घट्ट वीण त्यात नाही.

तळ्याकाठचा प्रसंग आला तेव्हा मात्र कोणी मध्ये बोलले नाही. डिमेंटरांपासून, म्हणजे माणसाचा सारा आनंद शोषून घेणाऱ्या तुरुंगाच्या पहारेकऱ्यांपासून, आपल्याला पहिल्या वेळी दिवंगत वडिलांनीच वाचवले, या समजुतीने हॅरी झुडपाआड त्यांची वाट पाहतो, कोणीच येत नाही आणि अखेर तो स्वतःच पुढे होऊन मंत्र म्हणतो. “मग पहिल्यांदा त्याला कोणी वाचवलं?” एका मुलीने विचारले. “पहिल्यांदा असं काही नव्हतंच,” तो सातवीतला मुलगा म्हणाला, “ते एकदाच घडलं, आपण दोनदा वाचलं.” तिला ते पटले नाही. दोघांचा वाद वाचनालय बंद करण्याची वेळ झाली तरी मिटला नव्हता, आणि त्यात पडण्याचा मी प्रयत्नही केला नाही.