एकही चेहरा का नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

मुंबईच्या दालनात माझे एकल प्रदर्शन सात दिवस होते. सोळा मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रे, आणि सहा दगडी शिल्पे. त्या सात दिवसांत धुळ्याहून आणि साक्रीहून आपल्याकडचे कोणी ना कोणी येत राहिले, आणि भिंतींवरून एक फेरी मारून झाली की प्रत्येकाने जवळजवळ त्याच शब्दांत विचारले, ‘सगळे छान आहे, पण माणसाचा चेहरा कुठे आहे? तुम्ही शिल्पकार ना?’ परत आल्यावर हाच प्रश्न लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या आवारात आणि दवाखान्याच्या रांगेतही भेटला. आजवर मी हसून वेळ मारून नेली. ती सवय आता मलाच खटकू लागली आहे.

आधी गोंदूरचा मुद्दा निकालात काढतो, कारण तुमच्या प्रश्नाच्या पोटात तो असतोच. धुळ्याजवळच्या त्या गावात 1925 साली जन्मलेल्या राम सुतारांनी 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला, मग तुला साधा अर्धपुतळा का जमत नाही, असे तुम्हाला म्हणायचे असते. पुतळ्यांबद्दल मला आकस नाही. अजिंठा-वेरूळच्या जीर्ण शिल्पांच्या डागडुजीचे कामही सुतारांनी तरुणपणी केले होते, आणि एकेका झिजलेल्या नाकासमोर तो तरुण किती वेळ बसला असेल, हा विचार मला त्या 182 मीटरांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. जमत नाही म्हणून मी पुतळे करत नाही, असे मात्र नाही. मी एक केला आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो पाहिला आहे, फक्त तो माझा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी लिहिले होते की चेहरा ही सत्तेची भाषा आहे आणि मला ती बोलायची नाही. ते वाक्य मी आज मागे घेतो. लिहिताना ते भारदस्त वाटले होते आणि दालनात त्याला दादही मिळाली, पण ते खरे कारण नव्हते. खरे कारण 2009 सालचे आहे.

त्या वर्षी एका गावच्या शाळेसाठी तिथल्या दिवंगत गुरुजींचा अर्धपुतळा करण्याचे काम माझ्याकडे आले. गुरुजींनी मला शिकवले होते. पाटीवर बैल काढताना मागचे पाय आधी काढावेत, म्हणजे बैल उभा राहतो, हे त्यांचेच. शेवटची सहा-सात वर्षे त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू अर्धांगाने उतरली होती. गाल खाली आला होता, ओठाचा कोपरा ओला राहायचा, आणि बोलताना ते उपरण्याच्या टोकाने तो टिपून घेत. समितीने मला त्यांचा पासपोर्ट आकाराचा एकच फोटो दिला, तोही तिशीतला. मी तो भिंतीला टाचला आणि त्याकडे फारसे पाहिले नाही. शाडूत मी मला आठवत होते ते गुरुजी केले. उतरलेला गाल साधायला मला नऊ दिवस लागले, कारण सैल मांस आणि थकलेले मांस यांत फरक असतो, आणि अंगठा जरा जास्त दाबला गेला तर माणूस आजारी न दिसता रडका दिसतो. नवव्या दिवशी संध्याकाळी तो गाल बसला. आजवर माझ्या हातून झालेली सर्वांत खरी गोष्ट ती होती, असे मी अजूनही मानतो.

दुसऱ्या दिवशी समितीचे पाच जण पाहायला आले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे सांगितले की पोरांसमोर असे गुरुजी नकोत, फोटोतल्यासारखे करा. ते चुकीचे होते असे मी तेव्हा म्हणत होतो. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही, कारण आपल्या गुरूला आजारातून सोडवावे असे शिष्यांना वाटले तर त्यात वाईट काय? पण तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. मी वाद घातला नाही, मुदत मागितली नाही, उरलेली रक्कम थांबेल याचा विचार केला आणि त्याच रात्री अंगठा पाण्यात बुडवून तो गाल वर उचलला. नऊ दिवसांचे काम जेमतेम वीस मिनिटांत पुसले गेले. त्यानंतर नेहमीची रीत: मातीवर निळीच्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टरचा पातळ थर, त्यावर पांढऱ्याचा जाड, म्हणजे पुढे साचा फोडताना निळा रंग दिसला की छिन्नी सावध होते; मग आतली माती उकरून काढायची, साच्यात फायबर भरायचे आणि साचा फोडून टाकायचा. या रीतीत मूळ माती उरत नाही. उचललेला गालही उरला नाही, उतरलेला तर आधीच गेला होता.

अनावरणाला गुरुजींच्या पत्नी आल्या होत्या. आम्ही त्यांना माई म्हणत असू. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून हार घालून झाल्यावर त्यांनी पुतळ्याच्या चेहऱ्यावर हात फिरवला. हात कपाळावरून नाकावर आला, मग डाव्या गालावर, आणि तिथे थांबला. बोटे खाली हनुवटीपर्यंत गेली, परत वर आली, ओठाच्या कोपऱ्यावर टेकली. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘हाऊ कोन शे रे भाऊ?’ ध्वनिक्षेपकावर आभारप्रदर्शन चालू होते. मी त्यांना सांगितले की गुरुजीच आहेत. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पदराला हात पुसला.

मुद्राचित्रणाकडे मी वळलो तो यानंतर, आणि तुम्ही समजता तसा ‘छपाईत प्रती निघतात म्हणून’ नव्हे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेघ ओढली आणि पत्रा नायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणात ठेवला की रेघ खोल जाते. ती नको झाली तर खरवडून, घोटून सपाट करता येते, पण बहुधा तिची पुसट सावली कागदावर उमटत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बदलाआधी एक प्रत काढून ठेवता येते. तिला आम्ही स्टेट प्रूफ म्हणतो. रेम्ब्रांटने 1653 सालच्या ‘तीन क्रूस’ या मुद्राचित्राच्या चौथ्या अवस्थेत गर्दीतली कितीतरी माणसे काळोखात बुडवली, पण आधीच्या अवस्थांच्या प्रती शिल्लक आहेत, म्हणून ती माणसे आजही पाहता येतात. 2009 मध्ये माझ्याजवळ तशी एक प्रत असती तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. पुतळा तोच उभा राहिला असता. मला मात्र निदान माईंना काहीतरी दाखवता आले असते, आणि लगेच आठवते की त्यांना दिसत नव्हते.

दालनात डावीकडच्या भिंतीवर ओळीने लावलेली नऊ चित्रे तुम्हाला ‘एकच चित्र नऊ वेळा’ वाटली. ती एकाच पत्र्याच्या नऊ अवस्था आहेत. शिल्पांचा दगड साक्रीच्या बाजूला जमिनीतून पडक्या भिंतीसारखे वर आलेले बेसाल्टचे जे डाइक दिसतात, त्यांच्या सुट्या तुकड्यांतला आहे. त्यांवर मी तळहात बसेल एवढेच खोलगट घोटले आहे आणि शेजारी ‘हात लावावा’ अशी पाटी ठेवली होती. बहुतेकांनी हात लावला नाही. प्रदर्शनात वस्तूंना हात लावू नये हे आपल्याला फार पक्के शिकवलेले असते.

एवढे सांगूनही माझी बाजू भक्कम झाली आहे, असे मला वाटत नाही. वहिनी प्रदर्शन पाहून आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘भाऊजी, श्रावणात आपण कानबाई बसवतो, तेव्हा नारळाला डोळे आणि नथ लावली की ती आपल्याकडे बघायला लागते. तुमचे दगड कोणाकडेच बघत नाहीत.’ मी त्यांना बरेच काही समजावले, आणि समजावताना जाणवत होते की मी पुस्तिकेतलेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगतो आहे. एका गालाला भ्यालेला माणूस सगळ्याच चेहऱ्यांपासून दूर राहिला आणि त्याला त्याने शैली म्हटले, असे उद्या कोणी लिहिले तर मला राग येईल, पण खोडून काढता येईलच असे नाही.

गेल्या महिन्यात शिरपूरकडच्या एका कुटुंबाने त्यांच्या आजीचा अर्धपुतळा कराल का, असे विचारले आहे. घराच्या ओट्यावरच बसवायचा आहे, समिती वगैरे काही नाही. मी होकार दिलेला नाही आणि नकारही नाही. आजींचे सगळ्या वयांतले, असतील तेवढे फोटो पाठवा, असे कळवले. काल तीन आले. तिन्ही समोरून काढलेले आहेत आणि तिन्हींत आजींनी पदर गालापर्यंत ओढून घेतला आहे.