नोंद ९: पेज पोटात टिकली, थर्मासात थिजली

मोशी (पुण्याजवळचं नव्हे, टांझानियातलं, किलिमांजारोच्या पायथ्याचं). हॉटेलची गच्ची, दुपारचे तीन. डोंगर ढगात आणि माझे गुडघे बर्फाच्या पिशवीखाली.

निकाल आधीच सांगून टाकते. किलिमांजारोच्या माथ्यावर, उहुरूला पोचले. ५,८९५ मीटर, सकाळी ७:४०, फोटोत डोळे मिटलेले. पण खरी बातमी अशी की अख्ख्या रात्रीत एकदाही उलटी झाली नाही! मागच्या वेळच्या, माचामे वाटेवरच्या चढाईचं रामायण ज्यांना पाठ आहे (नोंद १ आणि २) त्यांना याची किंमत कळेल. तेव्हा ५,४०० च्या आसपास, पहाटे चारला, पोटात काही नव्हतं आणि जे घालू ते बाहेर येत होतं. त्यानंतरची दोन वर्षं माझा एकच प्रश्न होता: समिटच्या रात्री खायचं काय? बूट जमले, श्वास जमला, सिंहगड दिवसातून दोनदा जमला. हे जमेना.

वाटेबद्दल थोडक्यात, कॅम्पची यादी नोंद ६ मध्ये आहेच. लेमोशोच्या वाटेने शिराच्या पठारावर, तिथून लाव्हा टॉवरपर्यंत चढाई, आणि मग जिथे जवळजवळ सगळे दक्षिणेला बारांको कॅम्पकडे उतरतात तिथून आम्ही उत्तरेला वळून मोइर हटला मुक्काम केला. त्या वळणावर गर्दी जी संपली ती थेट शिखराच्या कड्यापर्यंत भेटली नाही. बफेलो कॅम्पला आमच्याखेरीज तीन तंबू आणि एक पांढऱ्या मानेचा डोमकावळा, जो बिस्किटाच्या पुड्याची चेन उघडू शकतो. डावीकडे खाली केनियाचं मैदान पसरलेलं, उजवीकडे किबोची, म्हणजे मुख्य शिखराची, काळी भिंत, आणि दिवसभर कानावर फक्त आपल्याच काठीचा आवाज. एकदा तर मी थांबून मागे पाहिलं, भाचा येतोय ना म्हणून. तो दहा पावलांवर होता आणि तोही थांबून मागे बघत होता.

नऊ दिवस, नव्वदेक किलोमीटर. महाग पडतं, सुट्टी जास्त जाते, पण शरीराला जुळवून घ्यायला जो वेळ मिळतो त्याला तोड नाही. सहा दिवसांचं पॅकेज विकणाऱ्यांशी मी यापुढे वाद घालणार नाही.

अवांतर: स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. त्यामुळे अख्खी टीम मला दादा म्हणायची आणि माझ्या चोवीस वर्षांच्या भाच्याला काका. तो मला मावशी म्हणतो हे कळल्यावर नात्याचा इतका गुंता झाला की गाईडने नाद सोडला.

तर खाणं. आतापर्यंत काय काय फसलं ते मलाच एकदा मोजायचंय. डिंकाचे लाडू: तूप. उंचीवर तुपकट वास नकोसा होतो, आणि तेवढीच शक्ती काढायला पिष्टापेक्षा स्निग्धाला ऑक्सिजनही जास्त लागतो, जो तिथे आधीच निम्म्यावर आलेला असतो. चिक्की: शून्याखाली फरशी. दाढेचा किस्सा नोंद ५ मध्ये आहे, पुन्हा नको. खजूर: ओठ फुटलेले, तोंडात लाळ नाही, रबर चघळल्यासारखं. एनर्जी जेल: गोडाने मळमळ, वर थंडीत नळीतून बाहेरच येत नाही. सत्तू गार पाण्यात कालवला तर घशाशी थबकतो. आणि ते ‘उकळतं पाणी घाला, दहा मिनिटांत तयार’ वाले पोहे! कंपनीचं नाव घेत नाही. ४,७५० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, हे पाकिटावर छापायला कुणाची हरकत होती? दहा मिनिटांनी वरून मऊ, आत खडू.

मधल्या काळात सगळा दोष डायमॉक्सवर, उंचीच्या त्रासावरच्या गोळीवर, ढकलून झाला होता (नोंद ७). तो सिद्धांत मागे घेते. गोळी याही वेळी चालू होती, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत, बोटांना मुंग्याही आल्या. पोट मात्र शाबूत. माझ्या बाबतीत गोळीने बिघडली ती फक्त फसफसणाऱ्या पेयाची चव. खाली उतरल्यावर ज्या कोल्ड्रिंकची नऊ दिवस स्वप्नं बघितली, ते शिळ्या पाण्यासारखं लागलं.

आता मुद्द्यावर. मोइर हट, ४,२०० मीटर, संध्याकाळ. ऑक्सिमीटरवर ८१. सूप पुढ्यात आलं आणि मी ते भाच्याकडे सरकवलं. माचामेलाही नेमकं असंच सुरू झालं होतं. बाहेर गारा पडत होत्या. थर्मास भरायला म्हणून कुकच्या तंबूत डोकावले तर पोर्टर मंडळींसाठी एका मोठ्या अल्युमिनियमच्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. रंग ओल्या मातीचा. मधूनच एक फुगा यायचा, फुटायचा, आणि त्यातून वास. मी तिथेच बसले. हा वास राजापूरचा, आजोळच्या स्वयंपाकघरातला.

“उजी,” कुक म्हणाला. “उजी वा उलेझी.” आणि पिशवीतलं धान्य तळहातावर ओतून दाखवलं. मोहरीएवढे, तांबूस दाणे. नाचणी!

नाचणी आपल्याकडची नव्हेच, ती मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, काही हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेली. हे मी वाचलेलं होतं. म्हणजे दोन वर्षं मी पुण्याहून किलिमांजारोला काय न्यायचं याचा खल करत होते आणि उत्तर किलिमांजारोवर पोर्टरच्या पातेल्यात शिजत होतं.

स्टीलचा मग भरून दिला. पातळ, किंचित खारट, चिमूटभर साखर. पहिला घोट भीत भीत. मग अर्धा मग. मग कुकने न विचारता पुन्हा भरला. दोन मग पोटात गेले आणि तिथेच राहिले. रात्री तीनला जाग आली ती भुकेने. उंचीवर भूक! मी भाच्याला उठवून सांगितलं. त्याची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

पुढचे तीन दिवस प्रयोग. बफेलोला गूळ घालून (सोबत किसलेला होता, कापडी पुरचुंडीत, कारण टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे). छान. थर्ड केव्हला गूळ आणि सुंठ. जास्त छान. स्कूल हटला, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पला, दुपारी पोचल्यावर गूळ, सुंठ आणि मीठ जरा जास्त, आणि हेच ठरलं. उत्तर बाजू कोरडी आहे, स्कूल हटला पाणी नाही, ते थर्ड केव्हहून पोर्टर डोक्यावर वाहून आणतात. त्यामुळे प्रयोग म्हणून एक थेंबही वाया घालवायची लाज वाटत होती. जे बिघडलं असतं तेही प्यायलेच असते.

अंतिम प्रमाण: ७५० मिलीच्या थर्मासला सहा सपाट चमचे पीठ, जवळजवळ ६० ग्रॅम, आणि तेवढाच गूळ. दोन्हीच्या मिळून चारशेच्या आसपास कॅलरी. थर्मास बोहरी आळीतला, साधा स्टीलचा. गिर्यारोहणाच्या दुकानातल्या चौपट महाग बाटलीशी नोंद ८ मध्ये तुलना केली होती. फरक झाकणाच्या रंगाचा आहे.

रात्री साडेअकराला निघालो. उणे १४. दर पाऊण तासाला चार घोट, भूक असो नसो. पहिला थांबा सुरेख. ऊब तळपायापर्यंत गेली. हान्स मेयर गुहेपाशी दुसरा, तोही सुरेख. तिथून घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारा उतार, सुरू. आपल्या नाळेतला घसारा पाय घसरला तर निदान दगडावर अडकतो, इथे राख आहे, दोन पावलं वर आणि एक खाली. हायड्रेशन पॅकची नळी केव्हाच गोठलेली, इन्सुलेटेड म्हणून विकलेली. विकणाऱ्याला त्याच नळीने पाणी पाजलं पाहिजे.

५,५०० च्या आसपास चौथा थांबा. थर्मास तिरपा केला. काही येईना. आणखी तिरपा केला. उलटा केला. हलवला तर आत धप्प आवाज. भाच्याने दिवा मारून आत पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, वडी पडलीय.”

पडलीच होती. प्रत्येक थांब्याला झाकण उघडून मी आत गार हवा सोडत होते. पेज निवत गेली आणि सत्वासारखी थिजली. खांडवीच म्हणा. चमच्याच्या दांड्याने खणून, हातमोज्यावर घेऊन खाल्ली. दोघांनी. गाईड पाठ फिरवून उभा होता, बहुधा हसत होता. पण ती खांडवीही पोटात टिकली, हे लिहून ठेवा. त्यावर शिखराच्या कड्यावरचा गिलमन्स पॉइंट गाठला. शेजारच्या मावेन्झी शिखराच्या कातरलेल्या कड्यामागून सूर्य वर आला. स्टेला पॉइंटपर्यंत कड्याने चालत गेलो, तिथे बाराफू कॅम्पकडून आलेली जत्रा भेटली, आणि मग उहुरूची पाटी. उतराई म्वेकाच्या वाटेने, त्याबद्दल माझे गुडघे स्वतंत्र नोंद लिहितील. फक्त एक: म्वेका गेट १,६४० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. आपलं राज्य जिथे संपतं तिथे यांचा डोंगर पायथ्याला येतो.

तेव्हा उरलेला प्रश्न: थिजणं. पीठ कमी केलं तर पातळ राहील, पण मग त्यात उरेल काय, गुळाचं पाणी. माझा बेत असा की रुंद तोंडाचा थर्मास घ्यायचा, खणायला सोपा. पुण्यात भावाला निरोप धाडलाय.

दुसऱ्या दिवशी, सकाळ.

भावाला कळवलं, थर्मास घेऊ नकोस.

झालं असं की काल संध्याकाळी कुक हॉटेलवर आला. मी थर्मास गेटवर विसरले होते, तो द्यायला. तळाशी चिकटलेली खरवड बघून पोट धरून हसला. मग चहा झाला (चहाला ते ‘चाय’च म्हणतात, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, त्यामुळे आमचं निम्मं संभाषण असंच होतं) आणि त्याने विचारलं, “किमेया का नाही घातलंस?”

किमेया म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेलं धान्याचं पीठ. लहान मुलांच्या उजीत ते चिमूटभर घालतात. घट्ट पेज बघता बघता पातळ होते, म्हणजे बाळाच्या इवल्या पोटात तेवढ्याच घोटात जास्त अन्न जातं. मी कपाळावर हात मारला. अमायलेज! मोड आले की दाण्यात तयार होतं, पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं, आणि साखळ्याच नाहीत म्हटल्यावर निवून थिजणार काय? आपल्याकडे बाळांच्या सत्वाला नाचणीला मोड आणतात ते मला फक्त ‘पचायला हलकं’ म्हणून माहीत होतं. माझ्या आईने हे माझ्यासाठी केलं, मी पाहिलं, आणि दोन वर्षं जेल चोखत बसले.

इथल्या, किलिमांजारोच्या उतारावरच्या चागा लोकांच्या घरात मोड आलेली उलेझी नेहमीचीच, कुक सांगत होता. केळी आंबवून ‘म्बेगे’ नावाची बिअर करतात, तिच्यात तीच लागते.

म्हणून नवा बेत असा. पेज नेहमीसारखी शिजवायची, पण पीठ दुप्पट, १२० ग्रॅम. बोट क्षणभर ठेवता येईल इतपत निवू द्यायची, कारण उकळत्यात अमायलेज मरतं. मग चमचाभर मोडाचं पीठ घालून दहा मिनिटं ढवळायची. पातळ झाली की पुन्हा उकळून थर्मासात. पहिली चाचणी घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ ला, दर पाऊण तासाला झाकण उघडून. भाचा म्हणतो चाचणी चोगोरियाच्या वाटेवर माउंट केनियालाच करू. त्याचं विमानाचं भाडं कोण भरतं ते त्याला विचारा.

विमान परवा पहाटे आहे. पण मला धीर कुठला. काल रात्रीच कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो उलेझी आणली, हॉटेलच्या बादलीत भिजवली, पहाटे माझ्या स्वच्छ बफमध्ये (गळ्याभोवतीच्या कापडात) बांधून खिडकीच्या गजाला टांगली.

दुपार. खोली झाडायला आलेल्या बाईंनी गाठोडं बोटाने दाबून पाहिलं. मग वास घेतला.

“म्बेगे?” त्यांनी हळूच विचारलं, आणि जाताना दार नीट लावून घेतलं.