आमची वाटचाल : लाल जॅझ बेस आणि भिंतीवरचे बाकीचे

आमच्या जुन्या बेस गिटारच्या दुकानाला २५ वर्षं झाली तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, आता तरी आमची वाटचाल म्हणून काहीतरी लिहा. तेव्हा राहून गेलं. आता लिहायला बसलोय तर एकच गोष्ट डोक्यात येतेय, ती लाल जॅझ बेसची, म्हणजे फेंडर कंपनीच्या एका मॉडेलची, पण आधी सुरुवात सांगतो.

मी मूळचा गिरगावचा. गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. बेस कुठल्या कंपनीचा ते कुणालाच माहीत नव्हतं, हेडस्टॉकवरचं, म्हणजे वरच्या टोकावरचं, नाव कुणीतरी कधीच खरवडून टाकलेलं, आणि ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, एवढी की दहा दिवसांनी बोटं सुजलेली असायची. १९९४ ला नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात एका गहाणवटीच्या दुकानात फेंडरचाच १९७२ चा प्रिसिजन बेस हातात घेतला. फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या लाकडी पट्टीवर, अंगठा फिरवला आणि आजीचा देव्हारा आठवला, तोच काळपट तांबूस रंग, तेच लांब रेषांचे दाणे. नंतर कळलं की मला उगाच वाटलं नव्हतं, साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरने ब्राझिलियन रोझवूड सोडून भारतीय रोझवूड घेतलं, म्हणजे आपलं शिसवीच. कॅलिफोर्नियात बनलेल्या बेसवर आपल्याकडचं लाकूड, आणि तो माझ्या हातात न्यू जर्सीत. तो बेस मी त्याच दिवशी घेतला आणि अजून विकलेला नाही.

धंदा १९९८ ला सुरू केला, तोही एकट्याने नाही. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड टूलमेकर राहायचे, सत्तरीच्या जवळ, आम्ही घरी त्यांना मास्तर म्हणायचो आणि शेवटी त्यांनाही ते नाव आवडायला लागलं. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं पण एक हजारांश इंच म्हणजे काय ते बोटाने कळायचं. गॅरेजमध्ये त्यांनी त्यांची १८ इंची स्टीलची सरळपट्टी आणली, फट मोजायचे फीलर गेज आणले, आणि मी बेस आणले. कागदावर काही नाही, निम्मं निम्मं. ती सरळपट्टी आजही बेंचवर आहे, दुसरं कुणी तिला हात लावत नाही, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. जुन्या फेंडरचा ट्रस रॉड, म्हणजे नेक (बेसचा दांडा) सरळ ठेवणारी आतली सळई, फिरवायचा तर नेक काढावी लागते, स्क्रू टाचेकडे, म्हणजे नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो, हे माहितीच आहे सगळ्यांना. मास्तर नेक काढायच्या आधी चारही बोल्ट कुठून कुठले निघाले ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवायचे, म्हणजे परत बसवताना बोल्ट आपापल्या भोकात. स्क्रू ड्रायव्हरची टोकं घासून जुन्या स्क्रूच्या खाचेप्रमाणे केलेली होती, त्यामुळे आमच्याकडून कधी स्क्रूचं डोकं गेलं नाही. मला आजही या गोष्टीचा अभिमान आहे.

पुढची आठ नऊ वर्षं बरी गेली. नोकरी सोडली, गॅरेजमधून भाड्याच्या जागेत आलो, मुलगी झाली.

आणि मग २००७. एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला, नवरा गेला, त्यांचा बेस पलंगाखाली आहे. गेलो. ब्राउन केस उघडली आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. ६१ चा जॅझ बेस, स्टॅक नॉब, फिएस्टा रेड. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे सांगायला नको, पण तरी सांगतो. जॅझ बेस १९६० ला आला आणि ६२ च्या सुरुवातीपर्यंतच त्याला दोन जोडनॉब होते, एकावर एक बसवलेले, प्रत्येक पिकअपचा (तारांचा कंप पकडून ॲम्पला देणारा भाग) आवाज आणि टोन वेगळा. नंतर तीन नॉब आले ते आजपर्यंत. पुलापाशी (ब्रिज, जिथे तारा बॉडीवर टेकतात) प्रत्येक तारेला आवाज दाबायचा स्वतंत्र म्यूट, स्प्रिंगवर, फेल्ट लावलेली. ते म्यूट लोकांनी काढून फेकून दिले, इथे चारही जागेवर. जाड स्लॅबचा रोझवूड फिंगरबोर्ड, जो ६२ च्या मध्यानंतर पातळ होत गेला. क्ले डॉट, म्हणजे फिंगरबोर्डवरचे मातकट रंगाचे गोल ठिपके. नटपाशी, म्हणजे हेडस्टॉककडच्या खाचांच्या पट्टीपाशी, नेक दीड इंच. आणि रंग तो, १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड गाडीचा लाल, फेंडर कस्टम रंगासाठी पाच टक्के जास्त घ्यायचे आणि ड्यूपाँटचाच गाडीचा रंग मारायचे.

बाईंना मी फसवलं नाही हे आधी लिहून ठेवतो. बाजारात काय चाललंय ते त्यांना सांगितलं आणि २४ हजार डॉलर दिले, घरावर दुसरं कर्ज काढून. ही म्हणाली होती, थांब जरा. मी थांबलो नाही. एक गिऱ्हाईक ३१ हजारला तयार होतं, टोकन यायचं होतं.

त्याच आठवड्यात एक डीलर दुकानात आला, नाव घेत नाही, या धंद्यातले ओळखतील. त्याने बेस बघायला मागितला. मी चहा दिला, पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं झाकण, स्वतः उघडून दाखवलं. त्याने १६ हजार सांगितले, मी नाही म्हणालो. जाताना त्याने बॉडीच्या खालच्या हॉर्नच्या (शिंगासारख्या टोकाच्या) कडेला जो टवका उडालेला होता तिकडे बोट केलं, लालच्या खाली सनबर्स्टचा, म्हणजे मधे पिवळा आणि कडेला काळा होत जाणाऱ्या रंगाचा, पिवळा आणि काळा दिसत होता, आणि म्हणाला, हा सनबर्स्ट आहे, नंतर कुणीतरी लाल मारलाय, म्हणजे रंग मूळ नाही. मी म्हणालो कारखान्यातच तयार सनबर्स्ट बॉडीवर कस्टम रंग मारलेले कितीतरी निघालेत, तुम्हालाही ठाऊक आहे. तो हसला आणि गेला. चार दिवसांत माझ्या गिऱ्हाइकाचा फोन, नको. मग दुसऱ्याचा, तोही नको. सगळ्यांना एकच वाक्य कळलेलं, लालच्या खाली सनबर्स्ट आहे.

मास्तरांनी तो बेस पूर्ण उघडला. दोन रात्री आम्ही बेंचवर दिवा आणि दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घेऊन बसलो. ६४ पर्यंत फेंडरवाले बॉडीच्या दर्शनी बाजूला खिळे मारायचे, रंग मारताना आणि वाळताना बॉडी त्या खिळ्यांवर उभी राहावी म्हणून, आणि वाळल्यावर खिळे उपटायचे. त्यामुळे मूळ रंग असेल तर त्या भोकांच्या आत कोरडं लाकूड दिसतं. नंतर कुणी रंग मारला तर रंग भोकात उतरतोच. आमच्या बेसची सगळी खिळ्यांची भोकं आतून कोरडी होती. लालचा एक थेंब नाही. नेक बसते त्या खाचेत पूर्ण रंग होता, काडीचा उघडा डाग नव्हता (रंगवताना बॉडी धरायला खाचेत काडी लावली की तिथे रंग लागत नाही), आणि ते बरोबरच होतं कारण ती काडी लावायची पद्धत ६२ च्या शेवटी आली, ६१ मध्ये डाग असता तर उलट मीच घाबरलो असतो. पॉटवर (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) ३०४, म्हणजे स्टॅकपोल कंपनी, पुढे ६१ साल आणि आठवडा. सोल्डर कुणी छेडलेलं नाही, कापडी वायर तशीच. टाचेवर पेन्सिलने तारीख. मी सगळ्याचे फोटो काढले, पाकिटात घालून प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवले. उत्तर कुणाचंच आलं नाही. एकदा बोललं गेलेलं वाक्य भोकातल्या कोरड्या लाकडाने पुसलं जात नाही, हे तेव्हा कळलं आणि अजून सलतं.

मग २००८ आलं. बाजार असा बसला की खरे, निर्विवाद बेससुद्धा कुणी विचारेना. जे लोक रिटायरमेंटच्या पैशातून स्टॅक नॉब घेत होते ते अचानक आपापले विकायला काढायला लागले. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला. ही फार्मसीत दुसरी पाळी करायला लागली. मी दिवसा दुकान, रात्री दुसऱ्यांच्या ॲम्पचे ट्यूब बदलणं, शाळांच्या बँडचे स्वस्तातले बेस सेट करणं, असं केलं. मास्तरांनी दोन वर्षं त्यांचा निम्मा वाटा घेतला नाही, विचारलं तर म्हणायचे मला पेन्शन आहे. २०१० ला तो लाल बेस १५ हजारला गेला. मी स्वतः केस बंद केली.

आणि हे लिहिण्यासाठीच खरं तर मी बसलोय. २०१२ ला त्याच डीलरच्या यादीत तोच बेस आला. नेक प्लेटवरचा नंबर तोच, टवका तोच, पाठीवरचा पट्ट्याच्या बकलचा ओरखडा तोच, माझ्या वहीत सगळं आहे. मथळा होता, संपूर्ण मूळ फिएस्टा रेड, कारखान्यात सनबर्स्टवर मारलेला, दुर्मिळ. खिळ्यांच्या भोकांचा फोटोसुद्धा होता. किंमत मी लिहीत नाही, हाताला थरथर येते. मी त्याला फोन केला नाही. मास्तर म्हणाले कर, मी केला नाही, आणि पुढच्या वर्षी मास्तर गेले. त्यांच्यासाठी तरी करायला हवा होता.

त्या सगळ्या काळात एक माणूस दर सहा महिन्यांनी दुकानात यायचा. नेवार्कमधल्या एका चर्चमध्ये रविवारी बेस वाजवतात, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. १९९९ ला त्यांनी आमच्याकडून ६६ चा प्रिसिजन घेतला, हप्त्याने, आणि एकही हप्ता चुकवला नाही. फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या, तारा जाडातल्या, पुलाच्या झाकणाखाली फोम, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेमरसन वाजवायचा तसंच. तारा बदलायच्या नाहीत, फक्त फोम बदलायचा, कारण जुना फोम चिकट होऊन भुकटी होतो आणि झाकणाला आतून गंज धरतो. २००८ मध्ये दुकानात कुणी येत नव्हतं तेव्हा ते काम नसताना यायचे, बेस घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि तासभर हळू वाजवायचे, ॲम्प न लावता. एकदा त्यांच्या चर्चमधल्या तीन मुलांना घेऊन आले, तिघांनाही बेस हवे होते, त्या महिन्याचं भाडं त्यातून निघालं. त्यांनी तसं ठरवून केलं होतं का ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्यामुळे एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली. जानेवारी १९६५ ला सीबीएस या टीव्ही-रेडिओ कंपनीने फेंडर विकत घेतली आणि तिथून सगळं बिघडलं असं जो तो म्हणतो, मीही म्हणायचो. पण ६६ च्या त्या प्रिसिजनएवढा भरलेला ई, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर, मी फार थोड्या बेसमधून ऐकलाय. ५१ चा प्रिसिजन सपाट पाटीसारखा, एका पिकअपचा, ५४ चा कडा गोल केलेला, ५७ चा दोन तुकड्यांच्या पिकअपचा ज्याने हम, म्हणजे विजेची गुणगुण, गेला, हे सगळे बदल कुणीतरी वाजवणाऱ्याची तक्रार ऐकून केलेत असं मला नेहमी वाटतं. ७४-७५ ला जॅझच्या नेकला चाराऐवजी तीन बोल्ट आले ते लोकांना आवडत नाहीत, पण खाच नीट असेल तर नेक हलत नाही, मी स्वतः मोजलंय मास्तरांच्या पट्टीने. थम्बरेस्ट, म्हणजे हात टेकवायची छोटी पट्टी, आधी खालच्या बाजूला होता कारण अंगठ्याने वाजवतील असं धरलं होतं, लोक बोटांनी वाजवायला लागले, मग ७४ ला तो वर गेला. वाजवणाऱ्यांनी वाद्य बदलायला लावलं. दुकानातली विकायला नसलेली भिंत मी याच क्रमाने लावली आहे, आणि ६६ चा जो जॅझ आहे, बाइंडिंग (नेकच्या कडेची पट्टी) आलेलं पण डॉट अजून गोल, चौकोनी ब्लॉक यायच्या आधीचा, तो मध्यभागी आहे. गिब्सनचा एक ईबी-३ आणि ७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे शेवटी, कारण लिओ फेंडर स्वतःची कंपनी सोडून जाऊन पुन्हा पहिल्यापासून काय करतो ते स्टिंगरेत दिसतं.

नवीन मंडळींना सांगतो, विचारलं नसलं तरी. पॉट खरखरतो म्हणून बदलू नका, साफ करा, आणि बदललाच तर जुना पाकिटात घालून केसमध्ये ठेवा. टॉर्टॉइजचं (कासवाच्या पाठीसारखं दिसणारं) पिकगार्ड आकसतं, स्क्रू आवळून त्याला बसवायला जाऊ नका, भोकापाशी तडकेल, एक स्क्रू काढून ठेवा. रंग उडालाय म्हणून पुन्हा मारू नका, कितीही वाईट दिसू दे. ब्राझिलियन रोझवूडचा बेस देशाबाहेर पाठवायचा तर आधी परवाना, लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांतली २०१९ ची सूट शिसवीच्या तयार वाद्यांना आहे, ब्राझिलियनला नाही. आणि बेस घेतला त्याच दिवशी खिळ्यांच्या भोकांचे फोटो काढून ठेवा, दुसऱ्या कुणी बोलायच्या आधी.

आता मुलगी सेटअप करते, नटच्या खाचा घासायच्या कानशी तिच्या हातात माझ्यापेक्षा सरळ चालतात. मास्तरांची पट्टी अजून मीच काढून देतो. शनिवारी ते नेवार्कचे काका येणार आहेत, फोन आला होता, फोम गेलाय म्हणाले. मी कालच चार इंचाची फोमची पट्टी कापून ठेवली आहे.