आंबेमोहोर गडावर

रविवार, १४ डिसेंबर

सिंहगडाहून आत्ताच आलोय. पोटऱ्या भरून आल्यात. सरावाला वजन म्हणून सॅकमध्ये १० किलो तांदूळ आणि २ लिटर पाणी घालून आतकरवाडीतून चढलो. आईचा आंबेमोहोर गड फिरून पुन्हा डब्यात गेला. तिला अजून सांगितलेलं नाही.

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघायला १२ दिवस राहिलेत. आजवरचे सगळे ट्रेक सह्याद्रीतले, त्यातले निम्मे पावसाळी. तिथं भिजायची भीती कोणाला? चिंब व्हायचं, खाली येऊन चहा मारायचा, घरी येईपर्यंत कपडे अंगावरच वाळायचे. त्यामुळे बर्फातला ट्रेक म्हटल्यावर डोक्यात एकच, जाड जॅकेट. घामाचा विचारच केला नव्हता.

तो आज झाला. पहाटे गारठा होता म्हणून सुती बनियन, त्यावर टीशर्ट, त्यावर जॅकेट. अर्ध्या वाटेत आतल्या आत आंघोळ. जॅकेट काढलं नाही, कारण सॅक उतरवायचा कंटाळा! पुणे दरवाजापाशी टेकलो, चेन उघडली आणि वारं आत शिरलं. बनियन पाठीला ओल्या पोतेऱ्यासारखं चिकटलेलं. पाच मिनिटांत दात वाजायला लागले. ही सिंहगडाची थंडी. तिकडे साडेबारा हजार फुटांवर, रात्री पारा शून्याखाली, आणि गरम पिठलं-भाकरी घेऊन कोणी बसलेलं नसणार.

ग्रुपमधला दादा महिनाभर सांगत होता, "चालायला लागताना थोडं कुडकुडायलाच पाहिजे. थांबलास की लगेच जॅकेट चढव." मी नुसता हो हो करत होतो.

तर सुती कपडे बाद. आत घाम शोषून न ठेवणारा थर, मधे फ्लीस, म्हणजे हलकं, मऊ, उबदार जॅकेट, वर वारं अडवणारं. फ्लीसच्या किमती बघून डोळे पांढरे झाले, म्हणून आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर ट्रंकेतून काढलाय. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. डांबरगोळ्यांचा वास मात्र तंबूतल्या जोडीदाराला सोसावा लागेल. मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे) आणि गेटर्स (बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटऱ्यांवर चढवायची आवरणं) सांकरीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्यानं घेऊ. रात्री मोबाइल आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगच्या आत, पाण्याची बाटली उलटी. पाणी वरून गोठतं, मग झाकणाकडची बाजू मोकळी राहते. हे मला भारी आवडलंय.

आई स्वयंपाकघरातून विचारतेय, तांदळाला घामाचा वास कसा काय येतोय.