रेबीजची इंजेक्शनं मांडीत घेतली आणि पायच गळाला – माझा अनुभव

मी भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधे मदतीला जाते, त्यामुळे कुत्रा चावायच्या आधीच जो रेबीजचा कोर्स घेतात तो डॉक्टरांनी घ्यायला सांगितला, 0 आणि 7 व्या दिवशी असे दोन डोस. मोठ्या माणसांना हे एरवी दंडात देतात पण माझे दोन्ही खांदे फ्रोझन शोल्डरने धरलेले, म्हणून मांडीच्या पुढून जरा बाहेरच्या बाजूला द्यायचं ठरलं. (कुल्ल्यात देत नाहीत, तिथे चरबी जास्त, लस नीट लागू पडत नाही.)

पहिल्या रात्री मांडी ठणकली, ते ठीक आहे, इंजेक्शन म्हटल्यावर एवढं चालायचंच. पण सकाळी जिना उतरायला गेले आणि गुडघा एकदम वाकला, कठडा हातात होता म्हणून वाचले. चढताना एवढं नाही, उतरतानाच पाय दगा देत होता, आणि कमोडवरून उठायला भिंतीचा आधार. अंग मोडून आलेलं, बारीक कणकण. त्यात ओळखीतल्या एका काकांनी फोनवर ऐकवलं की रेबीजच्या इंजेक्शनने माणसं लुळी पडतात, झालं, माझी तर झोपच उडाली.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले काका अगदीच खोटं नाही बोलत, पण ते पोटात 14 इंजेक्शनं द्यायचे त्या जुन्या लसीचं. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची, त्यातल्या नसांच्या आवरणाच्या अंशामुळे काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटायची. आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूची असते, हिच्यात नसांचा त्रास फार म्हणजे फार क्वचित.

तरी तपासलं बरं का, नुसतं बोलून घरी नाही पाठवलं. खुर्चीत बसवून पाय सरळ उचलायला सांगितला आणि घोट्यावर हाताने दाबून धरलं. क्षणभर पाय चांगला जोरात वर गेला आणि कळ आल्याबरोबर मीच सोडून दिला. म्हणाले बघा ताई, ताकद आहे, दुखतंय म्हणून स्नायू सोडून देतोय. मग हातोडीने गुडघ्याखाली ठोकलं, दोन्ही पाय सारखेच उडाले, म्हणजे नसा शाबूत. ते बघून मला जे बरं वाटलं ते गोळीने पण नसतं वाटलं.

मात्र दोन्ही पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा खालून वर चढायला लागला, लघवी अडली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक हॉस्पिटल गाठायचं हे बजावून सांगितलं. आणि इंजेक्शनची जागा गरम, लाल होऊन सूज वाढतच गेली तर तेही दाखवायचं.

बाकी पॅरासिटामॉल, थंड शेक, आणि मांडी अजिबात चोळायची नाही. मला सगळ्यात उपयोग झाला तो घरातल्या घरात हळूहळू चालण्याचा, पडून राहिलं की जास्त आखडायची.

दुसरा डोस मनातून घ्यायचाच नव्हता पण डॉक्टरांनी सोडू दिला नाही. दुसऱ्या मांडीत घेतला, सिस्टरना सांगून आडवं पडून, पाय सैल सोडून, आणि खरंच कमी दुखलं. जिना आता नीट उतरते, खाली बसून उठताना पहिल्या मांडीत थोडी ओढ आहे अजून. यापुढे कुत्रा चावलाच तर जखम साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि हा कोर्स आधीच झालाय म्हणून 0 आणि 3 व्या दिवशी फक्त दोन डोस, जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीज) टोचायची गरज नाही. ते डोस मात्र दंडात घेणार, खांद्याची फिजिओ सुरू केलीय.